गिअरबॉक्सला पुढचे वळण दिसत नाही

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि चालक

या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. क्लच-गिअरची गाडी घ्यावी की ऑटोमॅटिक, आणि ऑटोमॅटिक घेतली तर गाडी चालवण्यातला आनंद उरेल का? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो आणि कामासाठी आठवड्यातून दोनदा पुण्याला जातो. गेली २२ वर्षे क्लच-गिअरच्याच गाड्या चालवल्या आहेत. आता नवी गाडी घ्यायची आहे आणि घरातील सर्वांचा आग्रह ऑटोमॅटिकसाठी आहे. गाडी चालवताना मला जो आनंद मिळतो तो निघून जाईल, अशी भीती वाटते. हा केवळ सवयीचा भाग आहे, की या आनंदाला खरोखर काही आधार आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधार आहे, आणि तो आपल्या रोजच्या रस्त्यावरच सापडतो. पुण्याहून परतताना आपण खंबाटकीचा घाट चढता. (जाताना बोगदा असल्यामुळे चढाचा अनुभव परतीच्याच वाटेवर येतो.) समजा, आपण चौथ्या गिअरमध्ये आहात, पुढे मालाने भरलेला ट्रक आहे आणि त्याच्या पलीकडे रस्ता वळून दिसेनासा होतो आहे. इंजिनाचा आवाज जड होऊ लागला आहे, हे कान सांगतात. ट्रक वळणावर आणखी हळू होणार, हे अनुभव सांगतो. आणि वळण संपल्यावर उजवी मार्गिका मोकळी मिळेल, हे डोळे हेरतात. या तिन्ही गोष्टी जुळवून आपण वळणाच्या आधीच गिअर उतरवता, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी जिथल्या तिथे ओढायला तयार असते. मला वाटते, आपण ज्याला आनंद म्हणता तो नेमका इथे आहे. तो डाव्या पायात नाही, डाव्या हातातही नाही. पुढचे ओळखून आधी घेतलेला निर्णय बरोबर ठरला, याचा तो आनंद आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला बरेच काही कळते. गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, आणि अलीकडच्या अनेक गाड्यांत रस्त्याचा चढ-उतारही त्याला समजतो. मात्र पुढचे वळण त्याला दिसत नाही, ट्रकही दिसत नाही. आपण ॲक्सिलरेटर दाबल्यावरच त्याला कळते की चालकाला जोर हवा आहे, आणि मग ते गिअर उतरवते. आपण आधी ठरवता, ते नंतर ठरवते. वळणात शिरल्यावर गाडी क्षणभर घुटमळल्यासारखी वाटते, त्याचे कारण हेच आहे.

हा केवळ जुन्या चालकांचा हट्ट नाही, याचे एक ठळक उदाहरण जर्मनीतील आहे. पोर्शेने २०१३ साली ९११ जीटी३ ही आपली गाडी फक्त दोन क्लचांच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह आणली. ग्राहकांनी इतकी नाराजी व्यक्त केली की २०१७ च्या आवृत्तीत कंपनीला क्लच-गिअरचा पर्याय पुन्हा द्यावा लागला. त्या आवृत्तीत शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद लागतात आणि क्लच-गिअरच्या गाडीला ३.९ सेकंद. शर्यतीच्या हिशेबाने अर्धा सेकंद फार मोठा असतो, तरीही जाणती माणसे क्लच-गिअरची गाडी निवडतात, कारण त्यांना केवळ वेग नको असतो. त्या वेगात आपला वाटा हवा असतो.

तरीही लगेच ‘क्लच-गिअरचीच घ्या’ असे मी म्हणणार नाही, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आपल्याकडे चार निरनिराळी यंत्रे विकली जातात आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे एएमटी. मारुतीने २०१४ साली सेलेरिओमध्ये ती आणली आणि ऑटोमॅटिक गाडी प्रथमच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम आपल्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. त्यामुळे प्रत्येक बदलाला क्षणभर जोर तुटतो आणि गाडीत बसलेल्यांच्या माना किंचित पुढे झुकतात. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलात फिरणारी पात्यांची दोन चाके असतात, म्हणून गाडी मऊपणे उठते आणि वाहतुकीत तासन्तास रेंगाळली तरी कुरकुरत नाही. तिसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन कप्प्यांवरून फिरणारा पट्टा असतो आणि त्या कप्प्यांचा व्यास कमी-जास्त होत राहतो. शहरात तो अतिशय सुखाचा वाटतो, पण चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की आधी आवाज वाढतो आणि वेग मागाहून येतो. आपल्यासारख्या कानाने गाडी चालवणाऱ्या माणसाला ते खटकेल. चौथा प्रकार दोन क्लचांचा, म्हणजे डीसीटी. यात एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. मोकळ्या रस्त्यावर यासारखा गिअरबॉक्स नाही. मात्र कोरड्या क्लचांचा डीसीटी रेंगाळणाऱ्या वाहतुकीत तापतो.

आता आपला निर्णय. आपले किलोमीटर महामार्गावर जातात हे खरे, पण तास कुठे जातात ते एकदा मोजा. कात्रज ओलांडल्यावर पुण्यात जर दर खेपेला दीड-दोन तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जात असतील, तर टॉर्क कन्व्हर्टरची गाडी घ्या, स्टीअरिंगमागे गिअर बदलण्याच्या पट्ट्या असलेली घ्या, आणि खंबाटकीत ती हाताने चालवा. तेवढ्या १५-२० मिनिटांसाठी निर्णय आपल्याकडे परत येतो. पुण्यातले काम शहराच्या अलीकडेच आटोपत असेल, तर मात्र क्लच-गिअरचीच गाडी घ्या आणि घरच्यांना माझे हे पत्र दाखवा. एएमटीसाठी साधारण ५० हजार रुपये जास्त मोजावे लागतात, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा डीसीटीसाठी बहुधा एक लाखाहून अधिक. एवढे पैसे आपल्याला प्रिय असलेली गोष्ट सोडण्यासाठी देऊ नयेत.

एक विनंती. गाडी पाहायला जाल तेव्हा शोरूमच्या समोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून समाधान मानू नका. चढावर नेण्याचा आग्रह धरा, चढाच्या मध्यावर थांबवा आणि पुन्हा उठवून पाहा. गिअरबॉक्सचा खरा स्वभाव त्या अर्ध्या मिनिटात कळतो.

प्रश्न : मी ठाण्याला राहते. रोज घोडबंदर रस्त्याने जाऊन-येऊन जवळजवळ तीन तास गाडीत जातात. डाव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी क्लचची गाडी टाळायला सांगितले आहे. कार्यालयातील सहकारी म्हणतात की ऑटोमॅटिक चालवणे म्हणजे खरे ड्रायव्हिंगच नव्हे. मनाला लागते. आपले मत काय?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : ताई, ऑटोमॅटिक घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. गाडी चालवणे म्हणजे रस्ता वाचणे, आणि त्या कामाला क्लच लागत नाही.

या महाराष्ट्रात गिअर नसलेल्या वाहनांनी केवढे काम केले आहे, हे आपल्या सहकाऱ्यांना आठवत नसावे. पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ साली आली. त्यानंतर १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाला बटण दाबून सुरू होण्याची सोय होती आणि सीव्हीटी होता, म्हणजे आज मोटारींत ज्याचे कौतुक होते तेच तत्त्व. त्या काळी चेतक चालवायची तर डाव्या मुठीत क्लच दाबून तीच मूठ फिरवून गिअर टाकावा लागे आणि किक मारावी लागे. ज्यांना ते जमत नव्हते किंवा कोणी शिकवत नव्हते, अशा असंख्य शिक्षिका, परिचारिका, बँकेत नोकरी करणाऱ्या स्त्रिया बिनगिअरच्या गाडीवर स्वतःच्या वेळेने घराबाहेर पडू लागल्या. माझी मावशी त्यांपैकीच एक. पावसाळ्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतून ती ज्या सफाईने वाट काढत असे, तशी सफाई मी चांगल्या चांगल्या मोटारचालकांत पाहिलेली नाही.

घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांच्या मधून आपण रोज जाता. तिथे डाव्या पायाला विश्रांती मिळाली की लक्ष मोकळे होते, आरशांकडे जास्त वेळा पाहिले जाते, पुढच्या कंटेनरपासून अंतर नीट राखले जाते. हेही ड्रायव्हिंगच आहे.

फक्त पहिल्या आठवड्यात एक काळजी घ्या. क्लचची सवय असलेला डावा पाय थांबताना आपोआप क्लच शोधतो आणि ब्रेकच्या रुंद पेडलवर पडतो. क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबला गेला की गाडी जागच्या जागी थबकते आणि मागचे वाहन येऊन धडकू शकते. डावा पाय कडेच्या पायठेवणीवर ठेवा आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर या दोन्हींसाठी उजवाच पाय वापरा. एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात तासभर सराव केला तरी पाय शिकतो.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी एएमटीची गाडी घेतली. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट चढावा लागतो. वाहतूक अडली की चढावर गाडी मागे सरकते. येताना उतारावर ब्रेकचा वास येतो आणि पेडल नरम लागते. गाडीत दोष आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ब्रेक एकदा कारागिराला दाखवून घ्या, पण आपण वर्णन केले आहे त्यावरून दोष गाडीपेक्षा वापरण्याच्या पद्धतीत असावा असे वाटते. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही, कारण ऑटोमॅटिक विकताना ‘फक्त डीवर टाका आणि चालवा’ एवढेच सांगितले जाते, आणि सह्याद्रीच्या घाटांत ती सूचना अपुरी पडते.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी भाड्याने घेतलेली एक एएमटी गाडी घेऊन मी भोरहून महाडला वरंधा घाटाने उतरत होतो. डीवर टाकून, ब्रेकवर पाय ठेवून निवांत चाललो होतो. अर्धा घाट उतरल्यावर जळक्या रबरासारखा वास आला. आधी वाटले, पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा पेडल नेहमीपेक्षा दोन बोटे खाली गेले. हात गार पडले. लिव्हर एमवर, म्हणजे हाताने गिअर बदलण्याच्या खुणेवर, ओढून दुसरा गिअर घेतला; इंजिनाने मोठा आवाज केला आणि गाडी आवरली. रस्ता रुंद झाला तिथे बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. चाकाजवळ हात नेला तरी धग लागत होती. क्लच-गिअरच्या गाडीत मी असे कधीच उतरलो नसतो, कारण तिथे दुसरा किंवा तिसरा गिअर टाकल्याशिवाय हात स्वस्थ बसलाच नसता. ऑटोमॅटिकमध्ये ती सवय मी नकळत यंत्राच्या हवाली केली होती, आणि यंत्राला पुढे किती उतार उरला आहे हे ठाऊक नव्हते.

कारण सरळ आहे. उतारावर आपण ॲक्सिलरेटर सोडून देतो. चालकाला जोर नको आहे, असा अर्थ काढून गिअरबॉक्स वरचा गिअर घेऊ पाहतो, इंजिनाची पकड सुटते आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. सतत घासून ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते, आणि फारच तापले तर ब्रेकच्या तेलात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल नरम लागते. म्हणून उतार सुरू होण्याच्या आधीच लिव्हर एमवर घ्या आणि कुंभार्लीच्या तीव्र वळणांसाठी दुसरा, सौम्य उतारावर तिसरा गिअर धरून ठेवा. जुन्या चालकांचा ठोकताळा असा की ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनाचा आवाज वाढेल, त्याला घाबरू नका. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाला होणारा इंधनाचा पुरवठा बंद होतो, त्यामुळे पेट्रोलही वाया जात नाही. ब्रेक वळणाच्या आधी ठाम दाबा आणि सोडा. हलका दाब देऊन सतत घासत राहू नका. न्यूट्रलमध्ये तर घाट कधीही उतरू नये, आणि इंजिन बंद करून मुळीच नाही, कारण इंजिन बंद झाले की ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्हींची मदत जाते.

आता चढावर मागे सरकण्याबद्दल. एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, साधा क्लचच असतो. ब्रेकवरून पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत तो क्लच पुरता जुळलेला नसतो, म्हणून गाडी मागे जाते. आपल्या गाडीत हिल होल्ड असेल तर दोन-तीन सेकंद ती गाडीला धरून ठेवते, तेवढ्यात निघा. नसेल तर हँडब्रेक ओढा, ॲक्सिलरेटर हलकेच द्या, गाडीचे नाक किंचित उचलले गेल्याचे जाणवले की हँडब्रेक सोडा. क्लच-गिअरची गाडी शिकताना आपण हेच करत होतो. नुसत्या ॲक्सिलरेटरच्या बळावर गाडी चढावर तोलून धरू नका. आपल्याला दिसत नसले तरी आत हाफ क्लच चालू असतो आणि प्लेट जळत असते. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते तेव्हा जो वास हवेत भरून राहतो, तो या प्लेटांचाच.

आणखी एक. बहुतेक एएमटी गाड्यांत पार्किंगचा पी हा खटका नसतो. उतारावर गाडी उभी करताना ती गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा आणि हँडब्रेक पूर्ण ओढा. न्यूट्रलवर सोडून जाऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला जात आहे. पुढे तेथेच नोकरी करण्याचा विचार आहे. येथे तिने फक्त ऑटोमॅटिक चालवली आहे. जाण्यापूर्वी क्लच-गिअर शिकावे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : अवश्य शिकावे. ब्रिटनमध्ये वास्तव्यास गेल्यावर भारतीय परवान्यावर साधारण १२ महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर तेथील परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर परवान्यावर तशी नोंद होते आणि क्लच-गिअरची गाडी चालवण्याचा अधिकार मिळत नाही. क्लच-गिअरवर उत्तीर्ण झाले तर दोन्ही चालवता येतात. आपल्याकडे मोटारीच्या परवान्यात असा भेद नाही, म्हणून ही गोष्ट लक्षात येत नाही. तिकडे गाड्याही उजव्या बाजूच्या स्टीअरिंगच्या आणि रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे नाशिकमध्ये डाव्या हाताला लागलेली गिअरची सवय तिला जशीच्या तशी उपयोगी पडेल. महिनाभराची शिकवणी पुरेशी आहे. मात्र त्यातले चार-पाच दिवस चढावर गाडी उठवण्यासाठीच राखून ठेवायला प्रशिक्षकांना सांगा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विजेच्या गाड्यांना गिअरच नसतात. मग पुढच्या पिढीला गाडी चालवण्यातला हा आनंद कळणारच नाही का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : विजेच्या मोटारीला थांबलेल्या अवस्थेपासूनच पूर्ण जोर मिळतो आणि तिच्या फेऱ्यांचा पल्ला मोठा असतो, म्हणून बहुतेक गाड्यांना एकच गिअर पुरतो. ह्युंदाईने आयोनिक ५ एन या गाडीत आठ गिअरांचा भास निर्माण करण्याची सोय दिली आहे. पट्टी ओढली की आवाज बदलतो आणि गिअर पडल्यासारखा हलका झटका बसतो. हे पाहून मला बरे वाटले, कारण चालकाला काय हवेसे वाटते हे कोणीतरी मनापासून ऐकले आहे. तरीही खोट्या गिअरांपेक्षा मला विजेच्या गाडीतली दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते.

ॲक्सिलरेटर सोडला की मोटार उलट जनित्राचे काम करते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. ही पकड किती घट्ट असावी हे बऱ्याच गाड्यांत चालक ठरवू शकतो. काहींत त्यासाठी स्टीअरिंगमागे पट्ट्याही असतात. घाट उतरताना पुढचे वळण किती तीव्र आहे हे पाहून पकड वाढवायची, वळण संपताच कमी करायची आणि ब्रेकला पायही न लावता खाली यायचे, हे एकदा जमवून पाहा. अंदाज आपला असतो, वेळ आपण साधतो, आणि तो बरोबर आला की गाडी झटका न बसता वळते. साताऱ्याचे वाचक खंबाटकीत जे करतात तेच हे आहे, फक्त साधन वेगळे.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत आलेली वीज साठवायला तिच्यात जागा नसते आणि ही पकड जवळजवळ नाहीशी होते. पाचगणीला रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी शंभर टक्के भरलेली गाडी घेऊन कोणी पसरणीचा घाट उतरू लागला, तर पहिल्या काही वळणांवर सगळा भार ब्रेकवरच येतो. म्हणून वरच्या मुक्कामात बॅटरी ८०-८५ टक्क्यांपर्यंतच भरा. उरलेली थोडीफार घाट उतरताना भरेल.